श्रद्धेचे उत्पन्न निरंक

शिष्यवृत्तीच्या अर्जात सत्तावीस रकाने होते आणि त्यांतला एकोणिसावा कोणालाही कळत नसे. बाकीच्या सव्वीसांत सरकारला विद्यार्थ्याबद्दल जे कुतूहल असतं ते होतं : पत्ता, गुण, वडिलांचं उत्पन्न, लसी टोचल्या की नाही. एकोणिसाव्यात विचारलं होतं, "अभ्यासक्रमामुळे श्रद्धा उत्पन्न होते काय? होय / नाही. नको ते खोडावे."

यामागे कायदा होता, आणि तो काही वेडगळ कायदा नव्हता. सार्वजनिक पैशातून कोणत्याही धर्माचे उपदेशक घडवू नयेत, एकाच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या देवाच्या कामी लागू नये, असं काही शहाण्या माणसांनी फार पूर्वी ठरवलं होतं. पुढे त्यांचं म्हणणं कार्यालयात आलं. तिथे त्याचा नियम झाला, नियमाचा रकाना झाला, आणि रकाना आखून झाल्यावर शहाणपणाला त्यात जागा उरली नाही.

विद्यार्थी हा रकाना आपापल्या वकुबाप्रमाणे भरत. एका अभियांत्रिकीवाल्याने "होय" ठेवून पुढे कंसात "परीक्षेच्या आदल्या दिवशी" असं लिहिलं, तर संगणकाने त्याला उपदेशक समजून अपात्र ठरवलं होतं. पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थिनीने "जनावरांचे सांगता येत नाही" असं कळवलं होतं. खरा प्रश्न ज्यांच्यासाठी होता ते धर्मविद्येचे चाळीसेक विद्यार्थी मात्र दरवर्षी न चुकता "होय" खोडत, विषयाच्या जागी "प्राचीन संस्कृती" लिहीत आणि सुखाने शिष्यवृत्ती घेत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट बोलायची नाही, यालाच कार्यालयात शिस्त म्हणतात.

या शिस्तीचे सर्वांत जुने सेवक म्हणजे शेरेभाऊ. हे त्यांचं टोपणनाव. फाइलीच्या समासात अधिकाऱ्याने दोन ओळींचं मत लिहायचं असतं, त्याला शेरा म्हणतात. आणि एकतीस वर्षांत शेरा मारल्याशिवाय त्यांनी एकही कागद टेबलावरून हलू दिला नव्हता. कार्यालयातल्या पंख्यावर "आवाज करतो, वारा देत नाही, बदलीस पात्र" अशी चिठ्ठी त्यांचीच होती. कोणाची बदली, हे न लिहिल्यामुळे आधीचे संचालक महिनाभर अस्वस्थ होते.

देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. बायको दर आठवड्याला प्रार्थनेला जाई. हे तिला दारापर्यंत सोडत आणि बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसत.

"आत आलात तर छप्पर कोसळणार नाही," ती म्हणे.

"कोसळलंच तर बाहेर एक तरी साक्षीदार नको का?" हे म्हणत.

अशा शेरेभाऊंच्या टेबलावर एका सोमवारी तो अर्ज आला. संगणकाने तो वाचायला नकार दिला होता, म्हणून माणसाकडे पाठवला होता. अर्जदार मुलगी अख्ख्या विभागात पहिली आलेली. बाप कुलपं दुरुस्त करणारा. विषय : धर्मविद्या. नुसतं "धर्मविद्या". संस्कृती नाही, प्राचीन नाही, काही नाही. शेरेभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. विषय तोच राहिला.

मग ते एकोणिसाव्या रकान्याकडे वळले. तिथे दोन हस्ताक्षरं होती. पहिलं जाडजूड, निळ्या शाईतलं : "श्रद्धेचे उत्पन्न निरंक." निरंक म्हणजे शून्य, सरकारी कागदावर शून्यालाही जरा भारदस्त नाव लागतं. त्यावर बारीक रेघ मारून खाली काळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : "वरील मजकूर वडिलांनी गैरसमजाने लिहिला. मला श्रद्धा आहे. अभ्यासक्रमामुळे होते किंवा कसे, हे शिकल्याशिवाय सांगता येणार नाही. शिकल्यावर कळवीन."

शेरेभाऊंनी पेन उचललं. ते तसंच हवेत राहिलं. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांना शेरा सुचेना. त्यांनी बापलेकीला बोलावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दोघं हजर झाली. बाप ठेंगणा, खांद्याला कातडी पिशवी, तिच्यात किल्ल्यांचा खुळखुळाट. मुलगी त्याच्याहून हातभर उंच, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. बाप खुर्चीवर बसण्याआधी टेबलाच्या कप्प्याचं कुलूप बघून घेऊन म्हणाला, "साहेब, हे हेअरपिननं उघडतं."

"माहीत आहे. किल्ली हरवल्यापासून आम्ही तेच करतो," शेरेभाऊ म्हणाले. "बसा. हे 'निरंक' तुम्ही लिहिलंत?"

"मीच. आधी वडिलांचं उत्पन्न विचारलं होतं, ते लिहिलं. मग पुढे श्रद्धेचं उत्पन्न विचारलं. म्हटलं, श्रद्धेवर ज्यांची दुकानं चालतात त्यांना असेल, आपल्याला कुठलं? आणि उत्पन्न म्हटलं की कर आलाच. म्हणून निरंक."

"बाबा, इथे उत्पन्न म्हणजे कमाई नाही," मुलगी म्हणाली. "उत्पन्न होणं. उगवणं."

"मग सरळ उगवते का असं विचारावं. सरकारला दोन शब्द परवडत नाहीत का?"

शेरेभाऊंना हा मुद्दा पटला. पण पटलेले मुद्दे बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते मुलीकडे वळले. "हे बघ बाळ. मी तुला नवा अर्ज देतो. 'होय' खोडायचं. विषयाच्या जागी प्राचीन संस्कृती. दहा मिनिटांचं काम. सगळे तसंच करतात."

"पण काका, मी प्राचीन संस्कृती शिकणार नाहीये."

"वर्ग तोच, मास्तर तेच, पुस्तकं तीच. फक्त कागदावर."

"मग कागदावर खरंच लिहायला काय हरकत आहे?"

"अहो, मीही तिला तेच सांगतोय," बाप म्हणाला. "म्हणजे तुमचं, साहेब, तिचं नाही. कुलूप समोरून उघडत नसेल तर बिजागरी काढावी. दार उघडल्याशी कारण. पण ही ऐकेल तर शपथ! आईवर गेलीये. ती एकदा दुकानदाराला जास्तीचे सुटे परत द्यायला पावसात तीन मैल गेली होती. छत्रीसुद्धा दुकानदाराचीच."

"धर्मविद्येत पहिलं वाक्य खोटं लिहून शिरायचं म्हणजे..." मुलगी थांबली. "हसू येईल हो काका मला. रोज वर्गात बसल्यावर हसू येईल."

शेरेभाऊंनी एकतीस वर्षांत अश्रू पाहिले होते, चिठ्ठ्या पाहिल्या होत्या, एकदा टेबलावर ठेवलेली कोंबडीही पाहिली होती. हसू येईल म्हणून शिष्यवृत्ती नाकारणारं कोणी पाहिलं नव्हतं.

"बरं, इतके गुण आहेत. डॉक्टर हो, वकील हो. हेच का?"

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप पिशवीतल्या किल्ल्या चाचपू लागला.

"दोन वर्षांमागे बाबांना एका घराचं कुलूप तोडायला बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी बरोबर होते. आत एक म्हातारी आजी पडली होती, कधीपासून कोण जाणे. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिचा हात धरून बसले. ती म्हणाली, प्रार्थना म्हण. मी म्हणायला लागले आणि मध्येच अडकले. मला अर्धीच येत होती."

"मग?"

"तीच तीच अर्धी म्हणत राहिले. तिला चाललं. मला नाही चाललं." तिने गुणपत्रिकेची पिशवी सारखी केली. "दवाखान्यात अशा माणसांजवळ बसायचं काम असतं. त्याला ही पदवी लागते. अर्थ कळून म्हणायचं आहे मला, काका. नुसतं पाठ नाही."

"प्रवेशाची मुदत कधी?"

"शुक्रवारी एक वाजता खिडकी बंद होते. शिष्यवृत्तीचं पत्र नसेल तर जागा पुढच्या नंबराला जाते. वर्ग सुरूसुद्धा झालेत."

"आणि फी आपल्या आवाक्यातली नाही," बाप म्हणाला. "अख्ख्या गावाची कुलपं एका दिवशी बिघडली तरी."

दोघं गेल्यावर शेरेभाऊ फाइल घेऊन संचालकबाईंकडे गेले. संचालकबाई वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि लेखापरीक्षकाला सोडून कोणालाही न भिणाऱ्या. त्यांनी अर्ज वाचला. दोन्ही शाया वाचल्या.

"स्वतःच कबूल करतेय. अपात्र. हात दाखवून अवलक्षण ते हेच."

"कबूल काय करतेय, बाई? श्रद्धा आहे, एवढंच. रकाना तिच्याबद्दल विचारतच नाही. अभ्यासक्रमाबद्दल विचारतो. अभ्यासक्रमाचं तिला काय माहीत?"

"मग कोणाला माहीत?"

"नियम सात, पोटनियम तीन," शेरेभाऊ म्हणाले. "संशय असल्यास अधिकाऱ्याने समक्ष पाहणी करावी."

बाईंनी नियमावली उघडली. त्या पानाच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. "हा नियम कोणी कधी वापरलाय?"

"संशय यायची पद्धत नव्हती."

बाईंनी नियमावली मिटली. मग म्हणाल्या, "जा. तीन दिवस. पण भाऊ, वर्गात श्रद्धा उत्पन्न होताना दिसली, तर तसंच लिहायचं. ती मुलगी आवडली म्हणून नाही."

"एकतीस वर्षांत मला कोणीही आवडलेलं नाही," शेरेभाऊ म्हणाले आणि बसथांब्याकडे निघाले.

महाविद्यालय जुनं, तीन मजली, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. धर्मविद्येचा वर्ग वरच्या मजल्यावर शेवटी, भिंतीपलीकडे व्यवस्थापनशास्त्राचा. शिकवणारे प्राध्यापक सत्तरीकडे झुकलेले, कोटाच्या बाहीला खडूची पांढरी कड. मुलं त्यांना व्याकरणबुवा म्हणत. शेरेभाऊंनी ओळखपत्र दाखवलं आणि कामाचं स्वरूप सांगितलं.

"श्रद्धा उत्पन्न होते का ते बघायला आलात?" व्याकरणबुवांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बसा, मागच्या बाकावर. झाली तर मलाही सांगा. तीस वर्षं मी वाट बघतोय."

शेरेभाऊंनी वही उघडून तीन रकाने आखले : वेळ, घटना, श्रद्धा.

त्यांची अपेक्षा अशी होती की आता गंभीर आवाजात काहीतरी सुरू होईल, डोळे मिटले जातील, कोणीतरी गहिवरेल. प्रत्यक्षात व्याकरणबुवांनी फळ्यावर एका मृत भाषेतली एक ओळ लिहिली. पाच शब्दांची. तीत परमेश्वर माणसाचं ऐकतो, असं काहीसं होतं. त्यांनी क्रियापदाखाली रेघ ओढली आणि विचारलं, "काळ कोणता?"

त्यावर जी जुंपली! एक म्हणाला भूतकाळ : त्याने ऐकलं. एक मुलगी म्हणाली रीतिवाचक : तो ऐकत असतो. तिसरा म्हणाला आज्ञार्थ : ऐक! "म्हणजे देवाला हुकूम?" "विनंतीसुद्धा आज्ञार्थातच करतात, गाढवा." "मग हस्तलिखितात शेवटचं अक्षर वेगळं का?" कोणी कोश काढला, कोणी दुसरा कोश काढला. व्याकरणबुवा प्रत्येकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेत आणि मग त्यातली हवा काढून घेत. तास संपला तेव्हा परमेश्वराने ऐकलं, ऐकतो की ऐकावं, हे अधांतरीच होतं. शेरेभाऊंनी लिहिलं : "११.०० ते १२.३०. क्रियापद. श्रद्धा : आढळली नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली. शेरेभाऊ दचकून बाहेर गेले. शेजारच्या वर्गात साठ मुलं डोळे मिटून, हात वर करून उभी होती. टाय घातलेला एक तरुण प्राध्यापक विचारत होता, "यश कोणाचं?" आणि मुलं गर्जत होती, "माझं!" दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. हा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीस निर्विवाद पात्र होता. शेरेभाऊंनी वहीत नोंद केली आणि "पाहणीच्या कक्षेबाहेर" असं पुढे लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही तीच ओळ, तेच क्रियापद. शेरेभाऊंना वाटलं आपण कंटाळू. पण अकरा कधी वाजतात म्हणून ते साडेदहापासून बाकावर बसून होते. आदल्या रात्री घरी त्यांनी बायकोला विचारलंही होतं, "तुमच्या प्रार्थनेत ते 'ऐकतो' म्हणतात ना, तो काळ कोणता गं?"

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "बरं वाटत नाहीये का?"

"कार्यालयीन चौकशी आहे."

"मी म्हणते तेव्हा वर्तमानकाळ असतो," बायको म्हणाली. "तुम्ही बाहेर बाकावर असता, त्यामुळे तुमचं मला सांगता येणार नाही."

हे उत्तर त्यांनी वहीत लिहिलं नाही. पण विसरलेही नाहीत.

मधल्या सुट्टीत त्यांनी व्याकरणबुवांना गाठलं. बुवा खिडकीत उभे राहून पाव कुरतडत होते.

"सर, सरळ विचारतो. तुमच्या शिकवण्याने मुलांना श्रद्धा होते का?"

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मी पोहरा आहे, आड नाही." बुवांनी कोटावरचे कण झटकले. "मुलं येतानाच घेऊन येतात. कोणी आजीची, कोणी भीतीची, कोणी उसनी. मी एवढंच करतो, की घासून बघायला लावतो. मुलामा असेल तर पहिल्या सहामाहीतच उडतो. माझे किती विद्यार्थी आज बँकेत आहेत!"

"आणि मुलामा नसेल तर?"

"ती दोन-तीन असतात. त्यांना माझी गरज नसते. मला त्यांची असते." बुवांनी उरलेला पाव कागदात गुंडाळला. "मी स्वतः काय मानतो ते या भिंतींना तीस वर्षांत कळलेलं नाही. तो माझा खाजगी मामला. पगार सरकार देतं, तो व्याकरणाचा."

शेरेभाऊंच्या मनात आलं, असा एक माणूस आपल्या कार्यालयात असता तर एकोणिसावा रकाना इतका मूर्ख झाला नसता. मग आठवलं, की कार्यालयात एकतीस वर्षं आपणच होतो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, एक मुलगा म्हणाला की आज्ञार्थ असेल तर कर्ता कसा आला. कोणालाच उत्तर येईना. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. सगळ्या माना वळल्या. तो हात शेरेभाऊंचा होता. वर कधी गेला हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"आमच्याकडे नियमात असं असतं," ते अडखळत म्हणाले. "'अधिकाऱ्याने समक्ष पाहणी करावी.' यात कर्ता आहे, आणि हुकूमही आहे. हुकूम नव्हे, म्हणजे... अपेक्षा आहे."

व्याकरणबुवा फळ्याजवळ गेले आणि त्या क्रियापदाखाली हळूच लिहिलं : "ऐकावे."

"तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "सरकारी भाषेतून मदत येईल असं वाटलं नव्हतं."

संध्याकाळी शेरेभाऊंनी अहवाल लिहिला आणि शुक्रवारी दहाच्या ठोक्याला संचालकबाईंसमोर ठेवला. बाईंनी मोठ्याने वाचला : "तीन दिवसांच्या पाहणीत वर्गात श्रद्धा उत्पन्न झाल्याचे आढळले नाही. निरीक्षकाचे ठायीही नाही. निरीक्षकाचे ठायी कुतूहल उत्पन्न झाले. त्यास नियमात प्रतिबंध नाही. अर्जदाराची श्रद्धा प्रवेशापूर्वीची असून ती सदर अभ्यासक्रमाचे उत्पन्न म्हणता येत नाही. पात्र."

बाईंनी कागद खाली ठेवला. "शब्दाचा खेळ छान आहे. पण भाऊ, मुलगी उपदेशक होणार. पैसा आपला. कायदा ज्यांनी केला त्यांना नेमकं हेच नको होतं."

"त्यांना राज्याने उपदेशक घडवायला नको होते. मलाही नकोत. उद्या त्या वर्गात कोणी मुलांना डोळे मिटायला लावले, तर मी स्वतः अपात्र लिहीन. पण तिथे काय शिकवतात ते मी पाहिलं. तिथे शिकवतात ते शिकायला श्रद्धा असलेली मुलगी चालत नाही आणि नसलेली चालते, असं म्हटलं, तर आपण अभ्यासक्रम तपासत नाही, बाई. मुलगी तपासतोय. तो अधिकार आपल्याला कोणी दिला?"

"आणि उद्या दुसऱ्या धर्माचा येईल, तिसऱ्या धर्माचा येईल, कुठलाच न मानणारा येईल."

"येऊ देत. मी जाऊन बसेन प्रत्येकाच्या मागच्या बाकावर."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर फार वेळ राहू दिलं नाही. "इतकं कशाला ताणायचं? बाकीच्यांसारखं तिला 'होय' खोडायला सांगा. सुंठीवाचून खोकला जाईल."

 शेरेभाऊंनी काखेतली दुसरी फाइल टेबलावर ठेवली. बरीच जाड होती.

"हे यंदाचे धर्मविद्येचे अर्ज. बेचाळीस. सगळे 'प्राचीन संस्कृती'. सगळ्यांवर माझी सही आहे, 'पात्र' म्हणून. मला माहीत होतं. गेल्या वर्षीही माहीत होतं. त्याच्या गेल्या वर्षीही. त्या पोरांचा दोष नाही. आपण दारच असं बांधलं, की वाकून खोटं बोलल्याशिवाय आत येता येऊ नये." त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, फक्त जरा हळू. "बेचाळीस जणांच्या खोट्यावर मी पात्र लिहिलंय. या एकीच्या खऱ्यावर अपात्र लिहायला माझा हात उठत नाही, बाई. तुम्ही लिहा. मी तो कागद पुढे पाठवीन. पण शेरा माझा नसेल."

बाहेर टंकलेखनाचं यंत्र खडखडत होतं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते.

"लेखापरीक्षक विचारेल."

"मला विचारू दे. माझं नाव टाका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तेवढ्यात त्यांचा पहिला प्रश्न टाइप होऊन येतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. शेऱ्याखाली लिहिलं : "मंजूर." मग जरा थांबून, लेखापरीक्षकाच्या आठवणीने, आणखी एक ओळ जोडली. पत्र टाइप झालं, शिक्का बसला, आणि शेरेभाऊंनी ते कोणाच्याही हाती न देता स्वतः घेतलं. एकतीस वर्षांत टपाल स्वतः पोचवायची ही पहिलीच वेळ. बस मिळेना, म्हणून ते अर्धा रस्ता चालले आणि उरलेला अर्धा, ज्याला बघणारे पळणं म्हणतील, अशा पद्धतीने गेले.

महाविद्यालयाच्या खिडकीपाशी बापलेक उभी होती. बाराचे साडेबारा झाले होते. बाप खिडकीतल्या बाईंना समजावत होता, की एक वाजता म्हणजे एक वाजून गेल्यावर, एकाच्या आधी नव्हे. शेरेभाऊ घामाघूम होऊन पोचले आणि त्यांनी लिफाफा पुढे केला.

बाप म्हणाला, "साहेब, तुम्ही? स्वतः?"

"टपाल खात्यावर माझा विश्वास नाही," शेरेभाऊ धापा टाकत म्हणाले. "वाच, बाळ."

कोणीही "मंजूर" वाचून उडी मारली असती. ही मुलगी "विषय" या शब्दापासून सुरुवात करून, खालच्या बारीक अक्षरांपर्यंत आली. बाप पाय बदलत होता. खिडकीतल्या बाई पेन आपटत होत्या. मुलीने बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. संचालकबाईंनी जोडलेली ओळ तीच होती : अभ्यासक्रमामुळे श्रद्धेत वाढ झाल्याचे आढळल्यास विद्यार्थिनीने दरवर्षी लेखी कळवावे.

"काका, वाढली तर कळवायचं. हे बरोबर आहे, कळवीन." तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. "पण कमी झाली तर?"

हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना सुचला नव्हता, संचालकबाईंना सुचला नव्हता, शेरेभाऊंनाही नव्हता. अठरा वर्षांच्या त्या पोरीला मात्र तो सही करण्याआधी सुचला होता; आणि तरीही ती त्या वर्गात जायला निघाली होती. शेरेभाऊंनी इतक्या वर्षांत कोणासाठी टोपी काढली नव्हती, कारण ते टोपी घालत नसत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ती उणीव तेवढ्यापुरती भरून काढली.

"कमी झाली तर सरकारला कळवायची गरज नाही," ते म्हणाले. "तो मामला तुझा तुझ्यापाशी. फार जड झालं तर मला येऊन सांग. दुसरा मजला, उजवीकडे."

तिने सही केली. खिडकीतल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, "या विषयाला कधीपासून मिळायला लागली?" असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि शिक्का उमटवला. मुलीने पावती घडी करून ठेवली, वेळापत्रक मागून घेतलं, त्यावर नजर टाकली आणि "अय्या, एक वाजताच आहे!" म्हणत जिन्याकडे धावली. झिजलेल्या पायऱ्या दोन दोन करत वर गेली.

बाप तोंड उघडं ठेवून जिन्याकडे बघत राहिला. "बघा! बापाकडे वळून पाहिलंसुद्धा नाही."

"ओरडू नका," शेरेभाऊ म्हणाले. "वर तास सुरू व्हायचाय." आणि सांगून झाल्यावरही ते जिन्याच्या तोंडाशी बराच वेळ तसेच उभे राहिले.